ताकद कुठे कामी येते? किट कार, ऑटोक्रॉस आणि ट्रॅक

स्वतःच्या गॅरेजमध्ये गाडी बांधायला घेणाऱ्या प्रत्येकापुढे इंजिनाचा प्रश्न येतो आणि बहुतेकांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं : परवडेल तेवढं मोठं. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, वर फायबरग्लासची बॉडी, सगळं मिळून हजार किलोच्या आसपास वजन, आणि त्यात पाच-सहा लिटरचं अमेरिकन व्ही-८. चारशे हॉर्सपॉवर हा आकडा आज अशा गाड्यांमध्ये कुणाला विशेष वाटत नाही. गाडी तयार झाली की ती पळवायला जागा लागते. रस्त्यावर ही ताकद वापरता येत नाही, वापरूही नये. मग उरतात दोन ठिकाणं : ऑटोक्रॉस आणि रेस ट्रॅक.

अशी गाडी या दोन ठिकाणी शोभते का, यावर दोन टोकांची मतं ऐकायला मिळतात. एक म्हणतं, हलकी गाडी आणि प्रचंड ताकद, मग तिचा हात कोण धरणार? दुसरं म्हणतं, ही गाडी आज ना उद्या भिंतीवर जाणारच. दोन्ही मतं ताकदीकडे बघतात आणि ती ताकद रस्त्याला पोचते कशी, याकडे बघत नाहीत. माझं म्हणणं असं की किट कारचा हलकेपणा दोन्हीकडे कामी येतो. तिची ताकद मात्र फक्त ट्रॅकवर कामी येते, आणि तीसुद्धा बाकीची गाडी त्या ताकदीच्या तोलाची असेल तरच.

दोन घराणी

किट कारची दोन घराणी आहेत आणि दोघांचा स्वभाव वेगळा आहे. पहिलं इंग्लंडमधलं. १९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने ‘सेव्हन’ ही दोन आसनांची उघडी गाडी आणली. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार गाडीवर परचेस टॅक्स लागायचा, सुट्या भागांच्या संचावर लागायचा नाही. म्हणून ही गाडी भागांच्या संचातही विकली जायची आणि गिऱ्हाईक ती घरी जोडायचं. सुरुवातीच्या सेव्हनमध्ये फोर्डचं ११७२ सीसीचं साधं इंजिन होतं, ताकद ४० हॉर्सपॉवरच्या आसपास. पण गाडीच जेमतेम अर्ध्या टनाची. चॅपमन यांचा सगळा जोर वजन कमी करण्यावर होता, कारण कमी वजन वेग घेताना, ब्रेक मारताना आणि वळताना अशा तिन्ही वेळी उपयोगी पडतं.

१९७३ मध्ये ब्रिटनमध्ये व्हॅट आला, किटची करसवलत संपली, आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क कॅटरहॅमकडे गेले. ही कंपनी ती गाडी आजही बनवते. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांनी जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे भाग वापरून अडीचशे पौंडांत अशी गाडी कशी बांधावी यावर पुस्तक लिहिलं आणि ‘लोकॉस्ट’ नावाने घरोघरी सेव्हनच्या वळणाच्या गाड्या उभ्या राहिल्या.

दुसरं घराणं अमेरिकन, पण त्याचं मूळही इंग्लंडमध्येच. १९६२ मध्ये कॅरोल शेल्बी यांनी ब्रिटिश एसी कंपनीच्या ‘एस’ या सडपातळ गाडीत फोर्डचं ४.२ लिटरचं व्ही-८ बसवलं आणि कोब्रा जन्माला आली. पुढे ४.७ लिटर आलं आणि १९६५ मध्ये सात लिटरचं ‘४२७’. त्या सात लिटरसाठी सांगाड्याच्या नळ्या जाड कराव्या लागल्या आणि जुन्या आडव्या पाटा स्प्रिंग काढून कॉइल स्प्रिंग द्याव्या लागल्या. मूळ कोब्रा बनल्या हजाराच्या घरात. आज जगभर दिसणाऱ्या बहुतेक सगळ्या कोब्रा म्हणजे नकला, आणि त्यातल्या असंख्य किटमधून जोडलेल्या. मॅसॅच्युसेट्समधल्या वेअरहॅमची फॅक्टरी फाइव्ह ही कंपनी १९९५ पासून अशी किट विकते; फोर्ड मस्टँगचे भाग वापरून ती घरच्या गॅरेजमध्ये बांधता येतात.

‘जास्त हॉर्सपॉवरची किट कार’ म्हटलं की बहुधा या दुसऱ्या घराण्याबद्दल बोलणं चालू असतं : छोटी गाडी, मोठं इंजिन, सर्व ताकद मागच्या दोन चाकांवर.

दोन मैदानं

आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये ऑटोक्रॉस म्हटलं की मातीवरची किंवा गवतावरची शर्यत समजली जाते. इथे मी अमेरिकेतल्या ऑटोक्रॉसबद्दल बोलतो आहे, कारण व्ही-८ किट कारचा प्रश्न खरा तिथला आहे. तिथे मोठ्या पार्किंगच्या जागेत किंवा जुन्या धावपट्टीवर रबरी कोन मांडून वळणावळणाचा मार्ग आखतात. एका वेळी एकच गाडी घड्याळाविरुद्ध धावते. फेरी साधारण मिनिटभराची. कोन पडला की प्रत्येक कोनामागे दोन सेकंदांचा दंड. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका या संस्थेच्या नियमांनुसार मार्ग असा आखला जातो की वेग हायवेवरच्या वेगाच्या पलीकडे जाऊ नये. बहुतेक फेरी दुसऱ्या गिअरमध्येच संपते. नेब्रास्कातल्या लिंकनला दर वर्षी राष्ट्रीय स्पर्धा भरते. तिथे दोन मार्गांवर प्रत्येकी तीन फेऱ्या मिळतात आणि प्रत्येक मार्गावरची सर्वांत चांगली वेळ धरतात. म्हणजे वर्षभराची तयारी सहा मिनिटांत पणाला लागते.

ट्रॅक डे ही वेगळी गोष्ट. तिथे खरा रेस ट्रॅक असतो, एका वेळी अनेक गाड्या असतात आणि वीस-तीस मिनिटं सलग गाडी पळवायची असते. सरळ रस्त्यावर वेग ताशी दोनशेपर्यंत किंवा त्याहून पुढे जातो. ऑटोक्रॉसमध्ये चूक झाली तर कोन पडतो; ट्रॅकवर चूक झाली तर मातीत, टायरच्या भिंतीत किंवा दुसऱ्या गाडीत जाऊन थांबावं लागतं.

कागदावरचा हिशोब

या प्रश्नाचा निकाल बराचसा कागदावरच लागतो. एक कोब्रासारखी गाडी घ्या. ड्रायव्हरसकट वजन ११०० किलो. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर मूळ कोब्राइतकं, म्हणजे ९० इंच. थोडं जास्त वजन मागे. टायर रस्त्यावरचेच, पण चांगल्या पकडीचे. वेग घेताना वजन मागे सरकतं आणि मागच्या टायरवरचा दाब वाढतो, तेही धरा. हिशोब केला तर मागची दोन चाकं गाडीला जास्तीत जास्त ०.७३ ‘जी’ इतका वेग-वाढीचा धक्का देऊ शकतात, म्हणजे सुमारे ७,९०० न्यूटन. त्याहून जास्त जोर दिला की चाकं जागच्या जागी फिरतात, धूर निघतो आणि वेळ वाया जातो.

आता ताकद म्हणजे जोर गुणिले वेग. हा ७,९०० न्यूटनचा जोर ताशी ६० किलोमीटरला वापरायचा तर चाकांपाशी सुमारे १७५ हॉर्सपॉवर लागतात. ताशी ८० ला सुमारे २३५. ताशी १२० ला ३५०. आणि ताशी १६० ला ४७०.

ऑटोक्रॉस ताशी ५० ते ९० च्या टप्प्यात खेळलं जातं. तिथे या गाडीला दोन-अडीचशे हॉर्सपॉवरच्या वर जे काही आहे ते फक्त रबर जाळायला उपयोगी पडतं. गिअरबॉक्समधला दुसरा गिअर धरला तरी मोठ्या व्ही-८ चा टॉर्क मागच्या चाकांपाशी दहा हजार न्यूटनपर्यंत सहज जातो. टायर त्यातला पाऊणभागच जमिनीला देऊ शकतो.

हा हिशोब सरळ रस्त्याचा झाला. ऑटोक्रॉसमध्ये सरळ रस्ता जवळपास नसतोच. टायरची पकड एकच असते. ती वळायला वापरा, वेग घ्यायला वापरा किंवा दोन्हींत वाटून घ्या. ही वाटणी साध्या वजाबाकीची नाही, वर्तुळाच्या नियमाने चालते. पकडीचे ८० टक्के वळण्यात गेले तर पुढे ढकलायला ६० टक्के उरतात. ९५ टक्के गेले तर ३० च्या आसपासच. म्हणजे वळणातून बाहेर पडताना ताशी ६० ला या गाडीला शंभरेक हॉर्सपॉवर पुरतात, बाकीच्या ताकदीने गाडीचा मागचा भाग निसटतो.

कोनांमधली व्ही-८

स्लॅलममध्ये काय होतं ते बघा. एका ओळीत कोन, गाडीला त्यांच्यामधून उजवीकडे-डावीकडे नागमोडी जायचं. दर सेकंदाला गाडीचं वजन एका बाजूच्या टायरवरून दुसऱ्या बाजूवर पडतं. इथे दोन गोष्टी वेळ ठरवतात : गाडी किती लवकर दिशा बदलते आणि ती किती रुंद आहे. रुंद गाडीला प्रत्येक कोनाभोवती जास्त बाजूला सरकावं लागतं. कॅटरहॅमची नेहमीची अरुंद चॅसिस १.५८ मीटर रुंद आहे आणि जपानच्या छोट्या गाड्यांसाठीच्या केई नियमांत बसणारी ‘१७०’ तर १.४७ मीटरच. कोब्रा यापेक्षा चांगली रुंद. त्यात कोब्राचं मोठं इंजिन पुढे असतं आणि नाक वळवताना ते वजन वळवावं लागतं.

ॲक्सिलरेटरवरचा पाय हीच या गाडीची अवघड जागा. स्लॅलममध्ये चांगला ड्रायव्हर पाय अर्ध्या इंचाच्या आत खेळवतो. व्ही-८ मध्ये तेवढ्यात शंभर हॉर्सपॉवरचा फरक पडतो. पाय थोडा जास्त गेला की मागचं टोक बाहेर येतं; घाबरून पाय उचलला की वजन एकदम पुढे जातं आणि टोक आणखी बाहेर येतं. चाकांमधलं अंतर ९० इंचच असल्याने हे सगळं पटकन होतं, सावरायला वेळ मिळत नाही. आजच्या कारखान्यातल्या स्पोर्ट्स कारमध्ये इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल असतो. बहुतेक किट कारमध्ये एबीएससुद्धा नसतं.

मोठ्या इंजिनाच्या बाजूनेही बोलायला हवं. टॉर्क भरपूर असला की गिअर बदलावा लागत नाही आणि मिनिटभराच्या फेरीत एक गिअर वाचणं मोलाचं असतं. वळणातून बाहेर पडताना इंजिन फिरतं ठेवायची कसरत करावी लागत नाही. ज्याचा पाय मुरलेला आहे, त्याच्या हातात अशी गाडी झपाट्याने धावते. कोब्रासारख्या गाड्यांना तिकडच्या ‘क्लासिक अमेरिकन मसल’ गटांत आपल्यासारख्याच गाड्यांशी लढता येतं आणि ती लढत बघायलाही मजा येते. पण घड्याळाकडे बघितलं तर पैशाच्या हिशोबात दीडशे हॉर्सपॉवरची सहाशे किलोची गाडी तिला मागे टाकते. १९८९ ची माझदा मियाटा घ्या : १.६ लिटर, ११६ हॉर्सपॉवर, वजन टनाच्या आत. अमेरिकेतलं ऑटोक्रॉस एवढ्या वर्षांनीही या गाडीशिवाय पुरं होत नाही.

विद्यार्थ्यांनी दिलेला पुरावा

या मुद्द्याचा सर्वांत चांगला पुरावा मला फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेत दिसतो. अमेरिकेत १९८० च्या सुमारास सुरू झालेली ही स्पर्धा आता जगभर भरते. आपल्याकडे ‘फॉर्म्युला भारत’ कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर भरते आणि आयआयटी मुंबईसह महाराष्ट्रातल्या अनेक कॉलेजांची मुलं त्यासाठी वर्षभर वर्कशॉपमध्ये राबतात. एका अर्थाने तिथली गाडी म्हणजे आपल्या मुलांची किट कारच आहे : सांगाडा स्वतः वेल्ड केलेला, सस्पेन्शन स्वतः काढलेलं, इंजिन बहुधा मोटरसायकलचं.

नियमांनी इंजिन ७१० सीसीच्या आत ठेवलं आहे आणि पेट्रोल इंजिनाला हवा २० मिलिमीटरच्या भोकातूनच घ्यावी लागते. त्यामुळे ताकद ऐंशी हॉर्सपॉवरच्या आसपास अडते. इलेक्ट्रिक गाडीला ८० किलोवॉटची मर्यादा. अमेरिकन स्पर्धेत हजार गुणांपैकी सरळ रेषेतल्या ७५ मीटरच्या धावेला १०० गुण आहेत, ऑटोक्रॉसला १२५ आणि त्याच तऱ्हेच्या वळणांवर चालणाऱ्या २२ किलोमीटरच्या एन्ड्युरन्सला २७५. अशा गाड्या २०० ते २५० किलोच्या असतात आणि कोनांमध्ये त्या महागड्या सुपरकारनाही भारी पडतील अशा वळतात. ऐंशी हॉर्सपॉवरवर.

यातलंच एक उलटं उदाहरणही आहे, पण ते स्पर्धेच्या मर्यादेबाहेरचं. २०२३ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी ‘मिथेन’ नावाच्या सुमारे १४० किलोच्या इलेक्ट्रिक गाडीने शून्य ते शंभरचा वेग ०.९५६ सेकंदात गाठला. ताकद ३२६ हॉर्सपॉवर. एवढी ताकद जमिनीत उतरली कारण चारही चाकांना मोटर होत्या आणि पंख्याने हवा ओढून गाडी जमिनीला चिकटवली होती. ताकद वापरायची तर आधी पकड निर्माण करावी लागते, हे इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कुठल्या गाडीने क्वचितच दाखवलं असेल.

ट्रॅकवर हिशोब बदलतो

ट्रॅकवर वरचे आकडे किट कारच्या बाजूने बोलू लागतात. ताशी १२० च्या पुढे टायरला सगळा जोर झेपतो आणि ताकद कमी पडायला लागते. लांब सरळ रस्ता आला की चारशे हॉर्सपॉवरची हजार किलोची गाडी दुप्पट किमतीच्या गाड्यांना मागे टाकते. वजन कमी असल्यामुळे टायर आणि ब्रेक पॅड जास्त टिकतात. ट्रॅक डेच्या दिवशी जड, ताकदवान सलून गाड्या दुपारपर्यंत ब्रेक संपवून बसतात. हा खर्चाचा फायदा खरा आहे आणि तो किट कारच्या बाजूने मोजायलाच हवा.

किट कारची चॅसिस मोठी ताकद पेलू शकत नाही, हा समजही चुकीचा आहे. मॅकलॅरेनने १९९२ मध्ये जगासमोर आलेल्या एफ-१ या रस्त्यावरच्या गाडीची चाचणी करताना ब्रिटनच्या अल्टिमा या किट कारच्या चॅसिस वापरल्या होत्या. त्यातल्या ‘अल्बर्ट’ नावाच्या गाडीत ७.४ लिटरचं शेव्हरोले व्ही-८ बसवून गिअरबॉक्स तपासला, ‘एडवर्ड’मध्ये खुद्द बीएमडब्ल्यूचं व्ही-१२. म्हणजे त्या काळातल्या सर्वांत वेगवान रस्त्यावरच्या गाडीचं यंत्र आधी किट कारच्या सांगाड्यात धावलं. पण ती चॅसिस मुळात इंजिन मधोमध ठेवून मोठ्या ताकदीसाठीच आखलेली होती.

गाडी तयार नसेल तर ट्रॅक हीच ताकद मालकाच्या अंगावर आणतो. आधी ब्रेक. ११०० किलोची गाडी ताशी १६० वरून थांबवताना सुमारे ११ लाख ज्यूल उष्णता ब्रेकमध्ये जाते. ताशी २०० वरून सुमारे १७ लाख. वेग सव्वापट, उष्णता दीडपटीहून जास्त, आणि हे दर फेरीला, त्याच वळणापाशी. जुन्या मस्टँगचे ब्रेक काढून बसवले असतील, त्यांना थंड हवा नेणारी नळी नसेल आणि ब्रेक ऑइल जुनं असेल तर तिसऱ्या-चौथ्या फेरीत पेडल मऊ होतं आणि मग जमिनीला टेकतं.

मग तेल. साध्या ऑइल पॅनचं व्ही-८ लांब वळणात आलं की तेल पॅनच्या एका कडेला चढतं आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते. या वेळी ऑइल प्रेशरचा काटा बघावा. सरळ रस्त्यावर मधे स्थिर असलेला काटा वळणाच्या मध्यावर थरथरतो, खाली येतो आणि वळण संपताच पुन्हा वर जातो. त्या दोन-तीन सेकंदांत क्रँकशाफ्टची बेअरिंग तेलाशिवाय फिरत असतात, तीही सहा हजार आरपीएमवर. कितीतरी नवी इंजिनं अशी गेली आहेत. पॅनमध्ये अडसर पट्ट्या, तेल साठवून ठेवणारी टाकी किंवा ड्राय सम्प यापैकी काहीतरी लागतंच. रेडिएटरचंही तेच : रस्त्यावर गाडी तासन्‌तास थंड राहते आणि ट्रॅकवर दहा मिनिटांत तापते.

आणि हवा. सेव्हन असो की कोब्रा, दोघींच्या बॉडी हवेच्या दृष्टीने वाईट. सेव्हनचे उघडे मडगार्ड, दोघींची उघडी कॉकपिट, उभी विंडशील्ड. वेग वाढला की हवा नाक उचलू लागते आणि स्टिअरिंग हलकं होतं. कोब्राच्याच इतिहासात याचं उत्तर आहे. फ्रान्समधल्या ल मॉंच्या शर्यतीत लांब सरळ रस्त्यावर उघडी कोब्रा फेरारी २५० जीटीओपुढे कमी पडायची. शेल्बींच्या कंपनीत पीटर ब्रॉक या तरुण डिझायनरने त्याच चॅसिसवर, त्याच ४.७ लिटर इंजिनावर बंद, लांब शेपटीची बॉडी चढवली. ती डेटोना कूपे. १९६४ मध्ये डॅन गर्नी आणि बॉब बॉन्डुरंट यांनी ती चालवून ल मॉंमध्ये जीटी गट जिंकला, एकूण शर्यतीत चौथा क्रमांक मिळवला, आणि १९६५ मध्ये याच गाड्यांनी जीटी गटाचं जागतिक विजेतेपद अमेरिकेत नेलं. इंजिन बदललं नव्हतं. सात लिटर टाकण्याआधी बॉडीचा विचार केला म्हणून हे झालं. आजच्या किट बांधणाऱ्याने आपल्या भिंतीवर कुठलं चित्र लावायचं असेल तर डेटोनाचं लावावं.

जिवाचा भाग

उघड्या किट कारला एअरबॅग नसते, चिरडून धक्का शोषणारा भाग नसल्यातच जमा. त्यामुळे ट्रॅकवर जाण्याआधी रोल बार नीट पाहिजे. दिखाव्याची चकचकीत नळी चालत नाही. हेल्मेट घातलेल्या ड्रायव्हरचं डोकं रोल बारच्या खाली आहे का, हे चांगले ट्रॅक-आयोजक सरळ काठी लावून तपासतात. पाच किंवा सहा पट्ट्यांचा हार्नेस सांगाड्याला बांधलेला हवा, सीट फायबरग्लासवर नव्हे तर लोखंडावर बसलेली हवी, आणि गाडी उलटली तर हात बाहेर जाऊ नयेत म्हणून हातांना पट्टे हवेत.

शिवाय ही गाडी कारखान्यात जोडलेली नाही. प्रत्येक बोल्ट मालकाने किंवा त्याच्या मित्राने आवळलेला आहे. ट्रॅकच्या पहिल्या दिवशी प्रत्येक वीस मिनिटांनंतर गाडी उचलून सस्पेन्शनचे, स्टिअरिंगचे, चाकांचे बोल्ट पान्याने पुन्हा तपासणं हा नियम पाळलाच पाहिजे. आवाजाचंही बघावं. कोब्राच्या बाजूचे सायलेन्सर छान दिसतात, पण कॅलिफोर्नियातल्या लगुना सेकासारख्या ट्रॅकवर आवाजाची मर्यादा कडक आहे आणि गाडी बाहेर काढली जाते.

मधला मार्ग

किट बनवणाऱ्या कंपन्यांनाही हे कळलं आहे. फॅक्टरी फाइव्हने सुबारू इम्प्रेझाचे भाग घेऊन जी मधल्या इंजिनाची गाडी केली, तिचं नावच ‘८१८’ ठेवलं, कारण लक्ष्य होतं ८१८ किलो वजन. गाडीच्या नावात हॉर्सपॉवरऐवजी किलोचा आकडा घालण्यातच कंपनीने आपला कल सांगून टाकला. मियाटाची बॉडी काढून तिच्या यंत्रावर नळ्यांचा सांगाडा चढवलेली ‘एक्सोसेट’ही याच वाटेची. कॅटरहॅमकडे आज दोन्ही टोकं मिळतात : सुझुकीच्या ६६० सीसी टर्बो इंजिनाची ८४ हॉर्सपॉवरची, ४४० किलोची ‘१७०’, आणि सुपरचार्जरची ३१० हॉर्सपॉवरची, सहाशे किलोच्या आसपासची ‘६२०आर’. पण नवख्यांसाठी कॅटरहॅमने १९९५ पासून जी अकादमी मालिका चालवली, तिच्यात गाड्या सव्वाशे हॉर्सपॉवरच्या आसपासच्याच ठेवल्या. नवीन माणसाला काय द्यावं आणि काय देऊ नये, हे वर्षानुवर्षं नवखे लोक शर्यतीत उतरवणाऱ्या कंपनीला नेमकं ठाऊक आहे.

ज्याने आधीच मोठं इंजिन घेतलं आहे, त्याच्यासाठीही मार्ग आहेत. ॲक्सिलरेटर इलेक्ट्रॉनिक असेल तर पहिल्या अर्ध्या पेडलला कमी ताकद मिळेल असा नकाशा इंजिनाच्या कंप्युटरमध्ये भरता येतो. मागच्या डिफरन्शिअलचं प्रमाण बदलून दुसरा गिअर लांब करता येतो, म्हणजे चाकांपाशी जोर कमी आणि फेरीत गिअर बदलणं नाही. रुंद आणि मऊ टायर, व्यवस्थित ॲलाइनमेंट आणि चांगलं लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल यांवर खर्च केलेला पैसा आणखी शंभर हॉर्सपॉवरपेक्षा जास्त वेळ वाचवतो.

आपल्याकडे काय?

भारतात अशी गाडी रस्त्यावर आणणं जवळजवळ अशक्य आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं की कंपनीने दिलेल्या मूळ स्वरूपात मालकाला मोठे बदल करता येणार नाहीत. त्यामुळे इथे किट कारला ट्रॅकपुरतीच जागा आहे : ट्रेलरवर टाकून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला, कोइंबतूरला किंवा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटला न्यायची. कोइंबतूरच्या ट्रॅकला ज्यांचं नाव आहे, त्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० च्या ७९६ सीसी इंजिनावर ‘फॉर्म्युला मारुती’ गाड्या बांधल्या होत्या. फॉर्म्युला वनमध्ये धावलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन याची सुरुवात त्याच गाड्यांमधून झाली. छोट्या इंजिनाची, हलकी, सर्वांना समान गाडी ड्रायव्हर घडवते, हे आपल्याच मातीत सिद्ध झालेलं आहे. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी इंजिनिअरना मात्र किट कार हा शनिवार-रविवारचा खुला छंद आहे, आणि त्यांतल्या अनेकांचे हात पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत फॉर्म्युला स्टुडंटची गाडी वेल्ड करतानाच तयार झाले आहेत. त्यांना हा हिशोब नव्याने शिकवायला नको.

निकाल

एकूण निकाल असा. ऑटोक्रॉससाठी किट कार उत्तम, पण जास्त हॉर्सपॉवरची नव्हे. सहाशे ते आठशे किलो वजन आणि दीडशे ते दोनशे हॉर्सपॉवर यात पैसा, वेळ आणि मजा तिन्ही जुळतात; त्यापुढची ताकद टायरना झेपत नाही. ट्रॅकसाठी मोठ्या ताकदीची किट कार शोभते, पण ब्रेक, तेल, पाणी, हवा आणि रोल बार यांची तयारी आधी पूर्ण असेल तर. आणि दोन्ही ठिकाणी एकच गाडी न्यायची असेल तर वजन कमी ठेवा, इंजिन मध्यम ठेवा.

तुम्ही किट मागवायच्या बेतात असाल तर माझी एक विनंती आहे. इंजिनाची ऑर्डर सर्वांत शेवटी द्या. तोवर एखादी जुनी, साधी, हलकी गाडी घेऊन एक पूर्ण हंगाम ऑटोक्रॉस करा, ट्रॅकवर जाणत्या इन्स्ट्रक्टरला शेजारी बसवून पाच-सहा सत्रं काढा. नंतर जे इंजिन तुम्ही निवडाल ते बहुधा आज मनात असलेल्यापेक्षा लहान असेल, आणि उरलेल्या पैशात चांगले ब्रेक आणि टायर येतील.